खरादावरची लेखणी

माळ्यावरच्या जुन्या ट्रंकेत कधी आजोबांचा टाक हाती लागला, तर आधी त्याचे मागचे टोक पाहावे. तिथे बहुतेक वेळा दातांचे व्रण सापडतात. हिशेब जुळेना, निबंधाचे पुढचे वाक्य सुचेना, की टाक आपसूक तोंडात जाई. करंगळीएवढी जाड, बोटे टेकतात तिथे किंचित फुगीर आणि मागे निमुळती होत गेलेली लाकडी दांडी. पुढे पत्र्याची चिमुकली नळी आणि तिच्यात खोचलेली पोलादी निब. निब झिजली की बदलायची, दौतीतली शाई संपली की पाण्यात नवी वडी विरघळवायची. दांडी मात्र तीच. घामाने, डागांनी आणि दातांनी ती त्या मुलाची होऊन जाई.

या दांडीचा गोलवा सुताराच्या रंध्याने येत नाही. तो येतो खरादावर. लाकूड फिरते ठेवायचे आणि हातातल्या हत्याराने ते सोलत न्यायचे, या कामाला मराठीत कातकाम म्हणतात आणि ते करणाऱ्याला कातारी. सूत कातणे आणि लाकूड कातणे, दोन्हींना भाषेने एकच क्रियापद दिले आहे, आणि ते योग्यच आहे. दोन्हीकडे काहीतरी गरगर फिरत असते आणि माणसाने हात स्थिर ठेवायचा असतो.

हल्ली लाकडी पेन पुन्हा दिसू लागले आहे. चिंच, फणस, बाभूळ, शिवण, नारळ अशा आसपासच्या लाकडांतून एकेक पेन हाताने कातणारे कारागीर ठिकठिकाणी आहेत, आणि भेटवस्तूंच्या दुकानांत ही पेने नवी चीज म्हणून मांडलेली असतात. चीज नवी नाही. हातातल्या लेखणीतून झाड एकदा हद्दपार झाले होते. ते कसे गेले आणि कोणत्या वाटेने परत आले, ही गोष्ट सांगण्यासारखी आहे.

मुळात लेखणी ही विकत घ्यायची वस्तूच नव्हती. ती पाणथळ जागी उगवत असे. बोरू हे एका पोकळ, कांड्याकांड्यांच्या गवताचे नाव आणि त्यापासून केलेल्या लेखणीचेही. वाळलेले कांडे घ्यायचे, चाकूने तिरका छेद द्यायचा, टोक चपटे करायचे आणि मधोमध केसाएवढी चीर पाडायची. चिरेतून शाई उतरते. टोकाची रुंदी अक्षराची जाडी ठरवते. देवनागरी अक्षर कुठे ठसठशीत आणि कुठे बारीक असावे, याचे शिक्षण डोळ्याला या तिरक्या कापानेच दिले. मोडीची गरज वेगळी होती. तिथे हात शक्यतो उचलायचा नाही, ओळ वाहती ठेवायची. पुण्याच्या पेशवे दफ्तरातली कोट्यवधी मोडी कागदपत्रे अशाच लेखण्यांनी लिहिली गेली. कारकून बोरू घासून बोथट झाला की पुन्हा तासायचा, आणि तासून तासून तो बोटांत मावेनासा झाला की नवा घ्यायचा.

शाईसुद्धा झाडाचीच. दिव्याचे काजळ बाभळीच्या डिंकात खलायचे आणि पाणी घालून पातळ करायचे, ही एक रीत. हिरड्याच्या काढ्यात हिराकस घालून काळीभोर शाई करायची, ही दुसरी. पुढे जेव्हा लाकडाची पेने कातायची वेळ आली, तेव्हा या दुसऱ्या शाईचे रसायन कारागिरांच्या वाटेत आडवे आले. त्याबद्दल पुढे.

बोरूने मराठीला दोन शब्द दिले. नुसती कागदे खरडणारा तो बोरूबहाद्दर. आणि लेखणीच्या एका फटकाऱ्याने दुसऱ्याचे घर बुडवणारा तो कलमकसाई. गवताच्या काडीला एवढी धार असू शकते, हे ज्या समाजाने पाहिले होते त्यालाच हे शब्द सुचले.

या काडीला पहिला धक्का दिला इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहराने. १८२० च्या दशकापासून तिथे यंत्रावर पोलादी निबा निघू लागल्या. जोसेफ गिलॉट, जोसाया मेसन ही त्या धंद्यातली मोठी नावे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जगातल्या निम्म्याहून अधिक पोलादी निबा या एका शहरात तयार होत होत्या. त्या जहाजांतून हिंदुस्थानात आल्या, सरकारी कचेऱ्यांत शिरल्या, मग शाळांत. कचेरीत बोरूची जागा टाकाने घेतली, पण कित्ता गिरवायला बोरू पुढेही कितीतरी वर्षे टिकून राहिला, कारण निबेला ती रुंद, तिरकी चाल जमत नव्हती.

टाकाच्या बाबतीत एक गोष्ट मात्र लक्षात घ्यायला हवी. निब साहेबाची असली, तरी दांडीला साहेब लागत नव्हता. ती कोणत्याही काताऱ्याच्या हातचे काम होते.

कातारी त्या काळी काय काय करीत, याची यादी घरातच सापडते. लाटणे, पाळण्याचे खुंट, पलंगाचे पाय, कुंकवाचे करंडे, बुद्धिबळाची प्यादी, गुडगुडीच्या नळ्या, आणि पोरांचे भोवरे. भोवरा हा काताऱ्याच्या हाताचा खरा कस. तो एका बाजूला रेसभर जड राहिला, तरी जाळी सुटताक्षणी डगमगतो आणि आरीवर उभा राहत नाही. पोरगे तो परत घेऊन दारात हजर.

त्यांचा खराद साधा होता. जमिनीलगत दोन खुंट, त्यांच्यात दोन टोकदार खिळे, आणि खिळ्यांमध्ये अडकवलेला लाकडाचा तुकडा. तुकड्याला दोरीचा वेढा. दोरी एका धनुष्याला बांधलेली. धनुष्य पुढे-मागे ओढले की लाकूड एकदा इकडे, एकदा तिकडे फिरते. हत्यार मात्र एकाच फेऱ्यात कापते. लाकूड उलट फिरताना ते किंचित मागे घ्यावे लागते. कारागीर जमिनीवर बसतो, एका हाताने धनुष्य ओढतो, दुसऱ्या हातात पटाशी धरतो आणि तिचे टोक पायाच्या अंगठ्याने आणि बोटाने दाबून स्थिर ठेवतो. मोठे काम असेल तर समोर बसलेला मदतनीस दोरीची दोन टोके आळीपाळीने ओढतो. विजेच्या मोटारीवर चालणाऱ्या लेथपुढे हे सगळे अवघड वाटते खरे, पण या संथ फेऱ्यांमध्ये लाकडाचा आवाज कानाला नीट कळतो. गाठ जवळ आली की तो बदलतो.

कातकामाची ही परंपरा महाराष्ट्रात सगळ्यांत ठळक दिसते ती सावंतवाडीत. अठराव्या शतकात, तिसरे खेमसावंत यांच्या कारकिर्दीत इथल्या चितारी मंडळींना दरबाराचा आश्रय मिळाला. गंजिफा या खेळाच्या पत्त्यांची गोल पाने, देवांचे पाट, पाळणे, भातुकलीची भांडी आणि लाकडी फळे ही त्यांची ओळख झाली. फळांसाठी आणि खेळण्यांसाठी पांगाऱ्याचे लाकूड आवडीचे. कोकणात कुंपणाला लावलेला, उन्हाळ्याच्या तोंडावर लालभडक फुलणारा काटेरी पांगारा. सुताराच्या लेखी त्याला किंमत नाही, कारण तो हलका आणि मऊ. नेमका म्हणूनच तो खेळण्याला योग्य. लाकडी केळे उचलले की ते खऱ्या केळ्याहून जड लागू नये! पुढे आंबा आणि शिवणही वापरात आले. लग्नाच्या रुखवतात सावंतवाडीची भातुकली मांडण्याची हौस कोकणाबाहेरही पोहोचली.

विसाव्या शतकात ही कला जवळजवळ बसली होती. राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात वयोवृद्ध पुंडलिक चितारी यांच्याकडून गंजिफांचे काम शिकून घेतले, राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये कारागीर बसवले आणि ती उठवली. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफा आणि लाकडी वस्तूंना भौगोलिक मानांकन मिळाले. एका घराण्याने स्वतः रंग-कुंचला हाती धरून धंदा वाचवल्याची अशी उदाहरणे फार नाहीत.

देशातल्या इतर कातकामाच्या गावांकडे पाहिले, तर एका झाडाचे नाव वेगवेगळ्या भाषांत पुन्हा पुन्हा भेटते. बंगळूर-म्हैसूर रस्त्यावरचे चन्नपट्टण हे खेळण्यांचे गाव; तिथे लाकूड वापरतात आले मराचे. आंध्रात वराह नदीकाठच्या एटिकोप्पाकात तेच अंकुडू. महाराष्ट्राच्या रानात त्याचे नाव काळा कुडा. फांदी मोडली की दूध येते, पानांतून पूर्वी निळीसारखा रंग काढत, आणि लाकूड हस्तिदंतासारखे पांढुरके, बारीक पोताचे. बनारसच्या खरादींकडे चालत आलेले कोरैया हे लाकूडही कुड्याच्याच कुळातले; जंगलतोडीवर निर्बंध आले तेव्हा त्यांना ते सोडून निलगिरीकडे वळावे लागले.

कुडाच का? कारण या गावांचे काम लाखेचे. लाखेची रंगीत कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरायची. घर्षणाने ऊब येते, लाख वितळते आणि लाकडावर चढते. मग केवड्याच्या पातीचा तुकडा फिरत्या वस्तूवर दाबला, की तोच रंग सारखा पसरून आरशासारखा चकाकू लागतो. ना कुंचला, ना वाळत ठेवणे. एटिकोप्पाकाचे सी. व्ही. राजू यांनी या लाखेत हळदीसारखे वनस्पतिज रंग पुन्हा आणले. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अशा कामाला रेषा नसलेले, छिद्रे नसलेले, रंगाखाली निमूट राहणारे लाकूड लागते. लाखकाम करणाऱ्याला लाकडाचा चेहरा झाकायचा असतो. आजच्या पेन कातणाऱ्याला नेमका तोच चेहरा हवा असतो, आणि या दोघांतला मोठा फरक हाच.

पण त्या पेनापर्यंत पोहोचण्याआधी लाकडाला वनवास भोगावा लागला.

१८८४ मध्ये न्यूयॉर्कच्या लुइस वॉटरमनने फाउंटन पेनाचे पेटंट घेतले. शाई पोटात साठवणारे आणि थेंबाथेंबाने निबेकडे सोडणारे पेन आले, आणि लाकूड नापास झाले. कारण उघड आहे. लाकूड शाई पिते. ओले झाले की फुगते, वाळले की आक्रसते. पेनाचे आटे मग एक तर अडकतात, नाहीतर गळतात. शिवाय बाभूळ, खैर अशा लाकडांत टॅनिन भरपूर. अशा ओल्या लाकडावर रात्रभर लोखंडी हत्यार पडून राहिले, तर सकाळी तिथे निळसर काळा डाग उमटलेला असतो. हिरड्यातले टॅनिन आणि हिराकसातले लोखंड मिळून शाई होते, तेच हे रसायन. जे दौतीत हवे, तेच पेनाच्या अंगावर उमटू लागले तर गिऱ्हाईक ते हाती कशाला धरील?

लाकडाच्या जागी आले एबोनाइट. रबरात भरपूर गंधक मिसळून ते तापवले की शिंगासारखा कडक, काळा पदार्थ तयार होतो. अमेरिकेत नेल्सन गुडइयरने १८५१ मध्ये त्याचे पेटंट घेतले होते. शाईचा त्याच्यावर परिणाम होत नाही, आणि तो खरादावर लाकडासारखाच कातता येतो. त्याचे नाव ठेवले गेले ते एबनी, म्हणजे आबनूस या काळ्या लाकडावरून, कारण तो तसा दिसे. पुढे लाल-काळ्या लहरींचे एबोनाइट निघाले, तेही लाकडाच्या रेषांची आठवण करून देणारे. लाकडाला घराबाहेर काढले आणि त्याची तसबीर भिंतीवर लावली, असा हा प्रकार.

भारतात फाउंटन पेनाच्या खटपटी लवकर सुरू झाल्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बनारसचे डॉ. राधिकानाथ साहा पेनांच्या रचनेवर पेटंटे घेत होते. १९३१ मध्ये मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईची पूड आणि वड्या करून पुढे कॅम्लिन झालेल्या धंद्याचा पाया घातला. आणि त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी समुद्राला मिळण्याआधी ज्या शहराजवळून जाते, त्या राजमहेंद्रीत कोसुरी वेंकट रत्नम नावाचा एक कारागीर लेथवर एबोनाइटची कांडी धरून बसला.

रत्नम यांची हकीकत अशी सांगतात, की ते साचे घडवणारे कारागीर. टाचणीपासून पेनापर्यंत लोकांच्या रोजच्या उपयोगाचे काहीतरी स्वदेशी करा, असे गांधीजींनी त्यांना सुचवले. रत्नम यांनी पेन निवडले. तयार झालेले पेन गांधीजींकडे पोहोचले ते अखिल भारत ग्रामोद्योग संघाच्या जे. सी. कुमारप्पांच्या हातून. हा संघ डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झाला होता आणि त्याचे बिऱ्हाड होते वर्ध्याच्या मगनवाडीत, जिथे हातकागदही बनत असे. जुलै १९३५ मध्ये वर्ध्याहून गांधीजींनी रत्नम यांना पत्र लिहून आभार मानले आणि बाजारात दिसणाऱ्या परदेशी पेनांना हे चांगला पर्याय वाटते, असे कळवले. पत्र चार ओळींचे, पण त्याच्या जोरावर राजमहेंद्रीचे नाव पेनाशी कायमचे जोडले गेले. तिथे आजही एबोनाइटची पेने हाताने कातली जातात.

कारागिरीच्या दृष्टीने पाहिले तर रत्नम यांचे काम काताऱ्याचेच. कांडी फिरते, पटाशी सोलते, कातलेले सळसळत खाली पडते. फक्त खाली पडते ते लाकूड नसते, रबर असते. खरादावरचा हात तोच राहिला, झाड तेवढे गेले.

ते परत आले एका अनपेक्षित दाराने. हंगेरियन पत्रकार लास्लो बिरो याने १९३८ मध्ये बॉलपेनाचे पेटंट घेतले. टोकाशी फिरती गोळी, मागे बारीक नळीत घट्ट शाई. महाराष्ट्रातल्या शाळांनी त्याला सहजासहजी घरात घेतले नाही. बॉलपेनाने अक्षर बिघडते, हे वाक्य पंतोजींच्या कितीतरी पिढ्यांनी उच्चारले असेल. अक्षराच्या बाबतीत त्यांचे खरेच होते. निबेवर कमी-जास्त दाब देऊन ओळीला जो चढउतार येतो तो गोळीला येत नाही. पण लाकडाच्या बाबतीत बॉलपेनाने उपकार केले. शाई आता रिफिलच्या नळीत बंद झाली. पेनाच्या अंगाला ती शिवतच नव्हती. मग अंग कशाचेही करा! ज्या प्लॅस्टिकच्या स्वस्त पेनांनी टाक आणि फाउंटन पेन दोन्ही मोडीत काढले, त्यांच्या पोटातल्या नळीनेच लाकडाला परत येण्याची वाट दिली.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत अमेरिकेतल्या हौशी कातणाऱ्यांनी ती वाट धरली. पितळी नळ्या, टोक, क्लिप आणि फिरवून उघडायची कळ असा संच तयार मिळू लागला. लाकूड ज्याचे त्याने आणायचे. हे संच मग जगभर गेले, भारतातही आले. त्यामुळे आजच्या हाताने कातलेल्या लाकडी पेनात धातूचे भाग बहुधा कारखान्यातले असतात, हे मान्य करायला हवे. कारागिराचा वाटा मधल्या दोन नळकांड्यांचा. तो वाटा किती नाजूक आहे, हे मात्र जवळ बसून पाहिल्याशिवाय कळत नाही.

साधारण १९ मिलिमीटर चौरस आणि सव्वाशे मिलिमीटर लांब अशी लाकडाची कांडी घ्यायची. मधोमध कापून दोन तुकडे करायचे, आणि जोडाची बाजू खडूने खुणावून ठेवायची, म्हणजे पेन जुळवताना रेषा एका तुकड्यातून दुसऱ्यात सरळ जाते. मग लांबीच्या दिशेने ७ मिलिमीटरचे भोक. इथेच बहुतेक तुकडे बळी जातात. ड्रिल घाईने आत दाबले की तापते, आणि पलीकडच्या तोंडाला लाकूड फुटते. थोडे आत जायचे, बाहेर यायचे, भुसा झाडायचा, पुन्हा आत. भोकात पितळी नळी गोंदाने बसवायची, दोन्ही तोंडे काटकोनात साफ करायची, नळ्या एका सळईवर ओवून लेथवर चढवायच्या. चौकोनी तुकडा फिरू लागला की त्याच्या कडा धूसर दिसतात, जणू लाकडाभोवती धूर आहे. गोल पटाशी लावली की पहिल्यांदा टकटक असा आवाज येतो, कारण चारच कोपरे कापले जात असतात. तो हळूहळू सलग होत जातो. आवाज एकसारखा झाला म्हणजे लाकूड गोल झाले. नळीवर शेवटी उरणारे लाकूड काही ठिकाणी जेमतेम एखादा मिलिमीटर जाडीचे असते. इतके कातून टाकायचे, आणि उरते ते झाडाच्या अंगरख्यासारखे.

शेवटचा हात पॉलिशचा. पुष्कळ कातणारे मेण आणि चपडा स्पिरिटमध्ये कालवून केलेले पॉलिश कापडाच्या चिंधीवर घेतात आणि फिरत्या लाकडावर दाबतात. चपडा म्हणजे शुद्ध केलेली लाख. पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर किड्यांनी केलेली तीच लाख, घर्षणाची तीच ऊब, आणि चिंधीखाली एकदम उजळून येणारी तीच चकाकी. सावंतवाडी किंवा चन्नपट्टणच्या कारागिराला हे पाहून आपले काम ओळखता येईल.

आणि लाकडे? इथे आपल्या भागाची श्रीमंती दिसते. चिंचेच्या जुन्या खोडाचा गाभा गर्द जांभळट तपकिरी असतो आणि इतका चिवट, की हत्याराला वारंवार धार लावावी लागते. फणस कापताक्षणी हळदीसारखा पिवळा, मग उजेडात वर्षा-दोन वर्षांत मधाच्या रंगावर येतो. ज्याने फणसाचे पेन वापरले त्याच्या डोळ्यांदेखत ते बदलते. हळदू नावाप्रमाणे पिवळा आणि बारीक पोताचा, कातायला गोड. बाभूळ, जिच्या डिंकाने एकेकाळी शाई बांधली जाई आणि जिच्या लाकडाचे नांगर होत, ती तांबूस आणि कणखर. नारळाला वाढीची वर्तुळे नसतातच. आडवे कापले की काळे ठिपके आणि उभे कातले की काळ्या तुटक रेघा, पावसाच्या सरीसारख्या.

आणि टेंभुर्णी. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या रानांत ती विडीच्या पानांसाठी, म्हणजे तेंदूपत्त्यासाठी माहीत आहे. उन्हाळ्यात हजारो हात तिची पाने खुडतात. पण जुन्या टेंभुर्णीच्या पोटात काळा गाभा असतो, कारण ती आबनुसाची सख्खी बहीण. तिच्या शास्त्रीय नावातच काळे लाकूड असा अर्थ आहे. एबोनाइटने ज्या लाकडाचे नाव घेतले आणि ज्याची जागा बळकावली, त्या घराण्यातले हे झाड विदर्भात उभे आहे. त्याच्या गाभ्याचे पेन कातणे म्हणजे नकलेकडून अस्सलाकडे परत जाणे, आणि एखाद्या कारागिराने ते निगुतीने केले तर ते पाहून मन भरून येते.

अर्थात झाड तोडून पेन करू नये, हे सांगायलाच हवे. महाराष्ट्रात १९६४ च्या झाडेतोड नियमन कायद्याच्या यादीत साग, आंबा, फणस, चिंच, खैर, हळदू, तिवस अशी झाडे आहेत. ती परवानगीशिवाय पाडता येत नाहीत. शिसवाच्या साऱ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून बंधने आली आणि लाकडी वस्तू निर्यात करणाऱ्यांना कागदपत्रांच्या फेऱ्या वाढल्या. पण पेन कातणाऱ्याला खोड लागतच नाही. वीतभर लांब आणि अंगठ्याहून थोडी जाड फांदी त्याला पुरते. छाटणीच्या फांद्या, पाडलेल्या वाड्याची तुळई, मोडलेल्या मुसळाचा तुकडा, बैलगाडीच्या चाकाचा आरा, यातून त्याचे वर्षाचे काम निघते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने रायगडच्या किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळीच्या आणि आंब्याच्या बागा आडव्या केल्या. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आले. अशा वेळी बागायतदार पडलेली झाडे सरपणाच्या भावाने देऊन टाकतो. बाजाराला जे सरपण, ते काताऱ्याच्या डोळ्यांना कितीतरी वर्षांचे सोने.

मात्र ते लगेच वापरता येत नाही. ओल्या लाकडाचे पेन कातले तर महिन्या-दोन महिन्यांत पितळी नळीवर उभी चीर जाते, कारण लाकूड आक्रसते आणि पितळ हटत नाही. कोकणात तर हवाच दमट; पावसाळ्यात वाळलेले लाकूडही पुन्हा ओल धरते. म्हणून कांड्या थोड्या मोठ्या मापाच्या कापायच्या, दोन्ही तोंडांना वितळलेले मेण लावायचे म्हणजे ओल टोकांतून भसकन निघून चिरा पडत नाहीत, आणि मेणावर खिळ्याने झाडाचे नाव, गाव आणि महिना कोरायचा. मग त्या एकमेकांना न चिकटवता, मधे पट्ट्या घालून, माळ्यावर रचायच्या. एक पावसाळा जाऊ द्यायचा. दुसऱ्या पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या कोरड्या हवेत, एक कांडी खाली काढून तराजूत ठेवायची. दोन आठवड्यांनी पुन्हा ठेवायची. वजन हलले नाही, तर ती लेथवर चढते.